ड्रेनमधलं चमचाभर रक्त

स्वादुपिंडातली गाठ काढायला माणूस अ‍ॅडमिट होतो, ऑपरेशन व्यवस्थित झालं असं सर्जन बाहेर येऊन सांगतात, घरचे हुश्श करतात आणि मग आठव्या की नवव्या दिवशी पोटात रक्तस्राव होऊन माणूस जातो. असं काही घडलं की एक ठरलेली चर्चा सुरू होते आणि ती मी इतक्या वेळा ऐकलीये की दोन्ही बाजूंचे डायलॉग आता पाठ झालेत. एक बाजू म्हणते सर्जनने शीर कापली, सरळसरळ निष्काळजीपणा आहे, केस ठोका. दुसरी बाजू, ज्यात डॉक्टर आणि डॉक्टरांचे नातेवाईक जास्त असतात, ती म्हणते की हे नोन कॉम्प्लिकेशन म्हणजे आधीपासून माहीत असलेला धोका आहे, सही केलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, कळत नसेल तर बोलू नका. मग थोडी शिवीगाळ आणि पुढचा पेशंट जाईपर्यंत शांतता.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. स्वादुपिंडाच्या सिस्टच्या, म्हणजे पाणी भरलेल्या गाठीच्या, ऑपरेशनमध्ये रक्तवाहिन्यांचा जो घात होतो त्याचा निकाल ऑपरेशनच्या टेबलावर कमी लागतो, टेबलाच्या आधी आणि नंतर जास्त लागतो. आधी म्हणजे ही गाठ काढायची गरज होती का, आणि होती तर आजूबाजूच्या रक्तवाहिन्या कुणी निवांत बसून बघितल्या होत्या का. नंतर म्हणजे पाचव्या दिवसापासून पुढचे दोन-तीन आठवडे पेशंटवर डोळा कोण ठेवून होतं, आणि रात्री दोन वाजता रक्त दिसलं तर ते थांबवू शकणारा माणूस तिथे येऊ शकत होता का. हे सगळं सोडून आपण हात कुणाचा घसरला यावर भांडत बसतो, म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. गंमत अशी की भांडणाऱ्या दोन्ही बाजूंची समजूत एकच आहे, की जे काही झालं ते त्या चार-पाच तासांत, त्या खोलीत झालं. एक त्याला गुन्हा म्हणतो, दुसरा नशीब म्हणतो, बास एवढाच फरक.

थोडं शरीर समजून घ्यायला लागेल, नाहीतर हा वाद हवेतच राहतो. स्वादुपिंड म्हणजे पॅन्क्रियाज हा जठराच्या मागे, पोटाच्या पार मागच्या भिंतीला आडवा पडलेला अवयव, आणि देवाने म्हणा की उत्क्रांतीने म्हणा, तो नेमका मोठमोठ्या रक्तवाहिन्यांच्या चौकात बसवलाय. त्याच्या मानेच्या, म्हणजे डोकं आणि धड जोडणाऱ्या भागाच्या, बरोबर मागे आतड्यांकडून येणारी मोठी व्हेन आणि प्लीहेकडून येणारी स्प्लेनिक व्हेन एकमेकींना मिळतात आणि त्यांची पोर्टल व्हेन होऊन लिव्हरकडे जाते. शेजारीच जवळपास सगळ्या आतड्याला रक्त पुरवणारी सुपिरिअर मेसेंटेरिक आर्टरी. वरच्या काठाने नागमोडी वळणं घेत स्प्लेनिक आर्टरी जाते, डोक्याच्या बाजूने गॅस्ट्रोड्युओडेनल आर्टरी खाली उतरते. त्यात प्रत्येकाचं वायरिंग सारखं नसतं. साधारण दहा-पंधरा टक्के लोकांत लिव्हरच्या उजव्या बाजूची आर्टरी नेहमीच्या फाट्यावरून न निघता मेसेंटेरिक आर्टरीतून निघते आणि स्वादुपिंडाच्या डोक्यामागून वर चढते, मिशेल्स नावाच्या शरीररचनेच्या अभ्यासकाने २०० मृतदेह तपासून १९६६ मध्ये असे सगळे प्रकार मांडले होते. थोडक्यात, या भागात काम करणारा सर्जन नकाशा बघून जात असला तरी गाव प्रत्येक वेळी वेगळं निघू शकतं.

आता मुख्य मुद्दा. या ऑपरेशननंतरच्या रक्तस्रावाची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या सर्जन लोकांनी २००७ मध्ये ठरवली त्यात पहिलीच विभागणी वेळेची आहे, २४ तासांच्या आतलं ब्लीडिंग वेगळं आणि २४ तासांनंतरचं वेगळं. का? कारण दोन्हींची कारणंच वेगळी असतात. पहिल्या दिवशीचं रक्त म्हणजे बहुतेक वेळा दोऱ्याची सुटलेली गाठ, नीट न बांधलेली शीर, किंवा रक्त गोठण्यातला बिघाड. तिथे हाताबद्दल जरूर विचारा. पण उशिराचं, एका आठवड्यानंतरचं जे भयंकर ब्लीडिंग असतं त्याची गोष्टच निराळी. स्वादुपिंड कापलं की कापलेल्या तोंडातून किंवा आतड्याला जोडलेल्या टाक्यांमधून थोडा रस पाझरू शकतो, हा रस म्हणजे मांस पचवणारं पाणी, त्यात इलास्टेजसारखी एन्झाइम्स असतात जी आर्टरीच्या भिंतीतले लवचिक धागेच खातात. त्यात इन्फेक्शनची भर पडली की बघायलाच नको. ऑपरेशनमध्ये कापून उत्तम बांधलेल्या गॅस्ट्रोड्युओडेनल आर्टरीचा खुंट त्या रसात दिवसेंदिवस भिजत राहतो, भिंत पातळ होते, फुगा धरतो आणि एके दिवशी फुटतो. ज्या दिवशी बांधला त्या दिवशी तो खुंट पक्काच होता, कुणीही येऊन बघितला असता तरी शाबासकीच दिली असती.

आणि फुटण्याआधी तो बऱ्याचदा सांगून फुटतो. काही तास किंवा काही दिवस आधी ड्रेनच्या, म्हणजे पोटात साठणारं पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या, नळीत थोडं लाल रक्त येतं, किंवा उलटीत, किंवा शी काळी होते, आणि मग आपोआप थांबतं. याला सेंटिनेल ब्लीड म्हणतात, सेंटिनेल म्हणजे पहारेकरी. बीपी चांगलं असतं, हिमोग्लोबिन फारसं उतरलेलं नसतं, पेशंट गप्पा मारत असतो, त्यामुळे "थोडं होतंच" म्हणून सोडून देण्याचा मोह प्रचंड असतो. मी डॉक्टर नाही, या विषयात पडायचं कारण घरचंच आहे. आमच्या एका जवळच्या माणसाच्या ऑपरेशननंतर बाकावर काढलेल्या रात्रींपैकी एका रात्री ड्रेनमध्ये जेमतेम चमचाभर ताजं रक्त आलं होतं, मला तर ते दिसलंही नव्हतं. ड्यूटीवरच्या सिस्टरने पाहिलं आणि सकाळच्या राउंडची वाट न बघता ज्युनिअर डॉक्टरला उठवलं, त्याने सीनिअरला उठवलं, तासाभरात सीटी अँजिओग्राफी म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन झाला, आर्टरीवर फुगा सापडला, पहाटे मांडीतून तार घालून तिथे कॉइल, म्हणजे आर्टरी आतून बंद करणारं बारीक वेटोळं, बसवली. सर्जनचा हात आदल्या आठवड्यात जेवढा कुशल होता तेवढाच होता हो, त्या रात्री त्याचा काही संबंधच आला नाही. जीव वाचला तो एका सिस्टरने फोन उचलला म्हणून, आणि पलीकडे कुणीतरी तो घेतला म्हणून.

रक्तस्राव म्हणजे सर्जनच्या हाताचा प्रश्न ही समजूत जुनीच आहे आणि ती एकदा मोठ्या प्रमाणावर खोटी ठरलेली आहे. १९३५ साली अमेरिकन सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी स्वादुपिंडाचं डोकं आणि ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग काढायचं जे ऑपरेशन मांडलं ते दोन टप्प्यांत करावं लागायचं, कारण कावीळ झालेल्या पेशंटचं रक्त गोठायचंच नाही, आधी पित्ताची वाट मोकळी करून काही दिवस थांबायचं आणि मग पुन्हा पोट उघडायचं. जगातला सगळ्यात निष्णात हात असता तरी त्या रक्तापुढे त्याचा इलाज नव्हता. उत्तर आलं कुठून? कोपनहेगनमध्ये हेन्रिक डॅम नावाचे शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिल्लांना चरबी काढलेलं खाद्य देऊन प्रयोग करत होते, ती पिल्लं रक्तस्रावाने मरायला लागली आणि त्यातून रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के सापडलं, त्याबद्दल १९४३ चं नोबेलही मिळालं. व्हिटॅमिन के हाताशी आल्यावर व्हिपल यांनी १९४० मध्ये तेच ऑपरेशन एका बैठकीत केलं. म्हणजे टेबलावरचं रक्त थांबलं ते कोंबड्यांच्या खुराड्यातून. त्याआधीच्या काळात जे सर्जन "याच्या हाताला यश नाही" म्हणून बदनाम झाले असतील त्यांची माफी कुणी मागितली असेल का, हा आपला उगाच मनात आलेला प्रश्न.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो. हाताला महत्त्व नाही असं मी म्हणत नाहीये, म्हटलं तर वेडेपणा होईल. स्वादुपिंडाच्या मानेमागून पोर्टल व्हेनच्या पुढे जो बोगदा करतात तो निरोगी माणसात सहज होतो, पण आधी सूज येऊन गेली असेल तर तिथे सगळं चिकटलेलं असतं आणि एक चुकीची ओढ पुरते, व्हेन फाटते. अशा वेळी नवखा माणूस घाबरून रक्ताच्या तळ्यात अंदाजाने चिमटे मारत सुटतो आणि भोक मोठं करतो, अनुभवी माणूस बोटाने दाबून धरतो, भूलतज्ज्ञाला रक्त चढवायला वेळ देतो आणि मग शांतपणे टाका घालतो. आर्टरीच्या अगदी जवळ गरम उपकरण टेकवलं तर तिची भिंत भाजते आणि ते त्या दिवशी दिसत नाही. खुंट किती लांब ठेवायचा, त्याच्यावर पोटातलाच लिगामेंटचा पदर गुंडाळायचा का, हे सगळे हाताचेच निर्णय आहेत. मान्य, शंभर टक्के. पण हे सगळं उत्तम केलं तरी रस गळण्याची शक्यता शून्य होत नाही, आणि इथेच हातावरचा वाद तोकडा पडतो.

किंबहुना सिस्टच्या बाबतीत एक उलटी गोष्ट आहे जी चर्चेत कधीच कुणी काढत नाही. लोकांना वाटतं की गाठ कॅन्सरची नाही म्हणजे ऑपरेशन सोपं. रस गळण्याच्या बाबतीत हे जवळपास उलटं आहे. कॅन्सरने स्वादुपिंडाचा रस वाहून नेणारी नळी तुंबलेली असते तेव्हा स्वादुपिंड बऱ्याचदा कडक, निबर झालेलं असतं आणि नळी फुगून जाड झालेली असते, टाके छान धरतात. सिस्टच्या पेशंटचं बाकीचं स्वादुपिंड निरोगी, मऊ, लोण्यासारखं असतं आणि नळी बारीक. टाका ओढला की तोच कापत जातो. २०१३ मध्ये कॅलरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस गळण्याचा धोका मोजायचा जो स्कोअर दिला त्यात मऊ ग्रंथी आणि बारीक नळी याला गुण आहेतच, शिवाय कॅन्सर किंवा जुनी सूज सोडून दुसरा आजार असणं यालाही वेगळा गुण आहे. म्हणजे ज्याला "साधी गाठ" म्हणून धीर दिला जातो त्याच्याच आर्टरी रसात भिजण्याची शक्यता जास्त. हे ऑपरेशनच्या आधी किती घरांना सांगितलं जातं?

आणि मग पहिला प्रश्न येतो, काढायचीच होती का. पूर्वी हा प्रश्नच नव्हता कारण गाठ सापडायचीच तेव्हा जेव्हा ती हाताला लागायची. १८८२ च्या सुमारास न्यूयॉर्कला बोझमन नावाच्या सर्जनने स्वादुपिंडाची सिस्ट काढली ती ओव्हरीची गाठ समजून पोट उघडल्यावर, साडेवीस पौंडांची होती ती. आज उलटं झालंय, पाठ दुखते म्हणून एमआरआय केला आणि त्यात एक सेंटीमीटरची सिस्ट दिसली असे लोक ढिगाने आहेत. या सिस्ट सगळ्या एक नसतात. सिरस म्हणजे पातळ पाण्याच्या प्रकारची जवळजवळ कधीच कॅन्सर होत नाही. म्युसिनस म्हणजे चिकट द्रव असलेल्या प्रकारची, जी बहुतांश बायकांमध्ये आणि शेपटीकडे होते, ती होऊ शकते. नळीशी जोडलेली आयपीएमएन, जी १९८२ मध्ये जपानच्या ओहाशींनी पहिल्यांदा वर्णन केली, तिच्यात मुख्य नळी १० मिलिमीटर किंवा जास्त फुगली असेल तर धोका खरा आहे, आणि बाजूच्या फांदीत लहानशी असेल तर बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवतात. स्यूडोसिस्ट म्हणजे सुजेनंतर साठलेलं पाणी, ती तर ट्यूमरच नाही.

इथे विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो आणि तो मी टाळणार नाही. थांबलात आणि कॅन्सर झाला तर? स्वादुपिंडाचा कॅन्सर किती वाईट असतो ते सांगायला नको, त्याच्यापुढे रक्तस्रावाची भीती लहानच वाटते. २०१५ मध्ये अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी असोसिएशनने ऑपरेशनचा उंबरठा बराच उंच केला आणि पाच वर्षं बदल नसेल तर तपासण्या थांबवा असंही सांगितलं, तेव्हा कॅन्सर निसटतील म्हणून जोरदार टीका झाली आणि ती टीका अगदीच पोकळ नव्हती. पण या मुद्द्याने सिद्ध काय होतं? एवढंच की निवड अचूक पाहिजे. संशयाने सगळ्याच गाठी काढा असं त्यातून निघत नाही. कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात शून्य नाहीये, तिथे मऊ स्वादुपिंड आहे, पाझरणारा रस आहे आणि भिजणारी आर्टरी आहे. सिरस सिस्ट असलेला, काहीही त्रास नसलेला माणूस जर रक्तस्रावाने गेला तर त्याची केस मी शीर फुटण्याची मानत नाही, ती चार आठवडे आधी ओपीडीत घेतलेल्या निर्णयाची केस आहे. आणि तो निर्णय बऱ्याचदा एकटा सर्जन घेत नाही हेही लिहायला पाहिजे, "पोटात गाठ आहे, काढूनच टाका ना एकदाची" असं म्हणत त्याच्या मागे लागलेले आपणच असतो.

स्यूडोसिस्टची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सूज आलेल्या स्वादुपिंडाच्या रसाने स्प्लेनिक आर्टरीची भिंत खाल्ली की तिला सिस्टच्या आतच फुगा येतो, स्यूडोअन्युरिझम. सिस्टमधल्या पाण्याचा दाब त्या फुग्याला बाहेरून धरून ठेवतो. आता कुणी तो फुगा न बघता सिस्टला भोक पाडून पाणी काढलं, मग ते पोट उघडून असो, सुईने असो की दुर्बिणीने असो, तर धरून ठेवणारा दाबच गेला. मग जे रक्त येतं ते थांबवायला मिनिटं असतात. हा फुगा दिसतो कशात? कॉन्ट्रास्ट म्हणजे स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध देऊन आर्टरी उजळते त्या नेमक्या सेकंदांत काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये, नुसत्या साध्या सोनोग्राफीत तो पाण्याच्या गाठीसारखाच काळा दिसू शकतो, डॉपलर लावला तर आत रक्त फिरताना दिसतं. आधी सापडला तर आधी कॉइल घालून तो बंद करायचा आणि मग पाण्याचं बघायचं. त्याच स्कॅनमध्ये स्प्लेनिक व्हेन बंद पडली असेल तर जठराच्या भिंतीत फुगलेल्या शिरांचं जाळं दिसतं, म्हणजे सिस्टमधल्या पाण्याला जठरातून वाट करायचं ठरवलं असेल तर कुठे कापायचं नाही ते कळतं. सीलिअ‍ॅक आर्टरीचं, म्हणजे लिव्हर-जठर-प्लीहेकडे जाणाऱ्या मूळ आर्टरीचं, तोंड दबलेलं असेल तेही दिसतं, अशा माणसात लिव्हरला रक्त उलट्या वाटेने गॅस्ट्रोड्युओडेनलमधून येत असतं आणि ती बांधली की लिव्हर उपाशी. स्वादुपिंडाचे मुरलेले सर्जन ती बांधण्याआधी दाबून धरतात आणि लिव्हरच्या आर्टरीची नाडी लागते का ते बोटाने बघतात, दहा-वीस सेकंदांचं काम. तुम्हीच सांगा, यातलं काय 'अचानक' आहे?

दुर्बिणीवाले म्हणतील हा सगळा जुना वाद झाला, आता पोट कापतंय कोण. एंडोस्कोपीने जठरातून स्यूडोसिस्ट मोकळी करता येते, आणि हा मुद्दा मी आनंदाने मान्य करतो. २०१३ मध्ये छापून आलेल्या, ४० पेशंटच्या एका नीट आखलेल्या तुलनेत एंडोस्कोपीवाले दोन दिवसांत घरी गेले आणि ऑपरेशनवाले सहा दिवसांत, सिस्ट परत होण्यात काही फरक नव्हता. पण रक्तवाहिन्या जागेवरच आहेत ना? जठर आणि सिस्टमधली वाट उघडी ठेवणाऱ्या नळ्या, म्हणजे नवीन रुंद मेटल स्टेंट, आले तेव्हा सगळे खूश होते, मग २०१६ च्या सुमारास लक्षात आलं की सिस्ट रिकामी होऊन आक्रसली की स्टेंटचं आतलं टोक मागच्या आर्टरीवर घासतं आणि उशिरा ब्लीडिंग होतं. उपाय काय निघाला? साधारण तीन आठवड्यांनी सीटी करा आणि सिस्ट गेली असेल तर स्टेंट काढा. म्हणजे पुन्हा तेच, नंतर लक्ष ठेवा. साधन बदललं, भिंतीला भोक पाडायची वाट बदलली, पण तीन आठवड्यांनी पेशंटला आठवणीने बोलावणारं माणूस लागतंच.

आता 'नोन कॉम्प्लिकेशन'. डॉक्टर हे का म्हणतात ते मला कळतं. प्रत्येक मृत्यूनंतर काचा फुटायला लागल्या, केसेस व्हायला लागल्या तर अवघड पेशंटला हात कोण लावणार, सगळे पुढच्या गावाला पाठवून मोकळे होतील आणि तो पेशंट वाटेत मरेल. ही भीती खरी आहे. पण या शब्दाचा वापर बघा. माहीत असलेला धोका म्हणजे जबाबदारी संपली असा अर्थ काढला जातो, माझ्या मते अर्थ नेमका उलटा आहे. नदीला पूर येतो हे ज्याला माहीत नाही त्याला एक वेळ माफ करता येईल, ज्याला माहीत आहे आणि ज्याने होडी बांधून ठेवली नाही त्याने काय सांगायचं? धोका माहीत होता ना, मग ड्रेनमध्ये लाल दिसलं तर किती वाजता कुणाला फोन करायचा हे लिहून ठेवलेलं होतं का? रात्री अँजिओग्राफी करून कॉइल घालणारा डॉक्टर होता का, नसेल तर जवळच्या कुठल्या जागी आहे आणि तिथे अँब्युलन्सने किती वेळ लागतो हे आधी ठरलं होतं का? उशिराच्या ब्लीडिंगसाठी पुन्हा पोट उघडणं हा शेवटचा उपाय आहे, आठवड्याने आत सगळं सुजून चिकटलेलं असतं, आर्टरी सापडत नाही, म्हणून जिथे शक्य आहे तिथे आधी तारेने आतून बंद करायला बघतात. ती सोयच नसलेल्या ठिकाणी हे ऑपरेशन करणं आणि मग 'नोन' म्हणणं, हे मला पटत नाही.

याला आकड्यांचा आधार आहे. २००९ मध्ये घाफेरी, बर्कमायर आणि डिमिक या संशोधकांनी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची मोठ्या ऑपरेशननंतरची माहिती तपासली. मृत्युदर सगळ्यात कमी असलेल्या हॉस्पिटलांत ३.५ टक्के आणि सगळ्यात जास्त असलेल्यांत ६.९ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट. आता अंदाज करा कॉम्प्लिकेशनचं प्रमाण किती वेगळं असेल? २४.६ आणि २६.९. जवळजवळ सारखंच! म्हणजे घोटाळे दोन्हीकडे तेवढेच होत होते, फरक होता तो घोटाळा झाल्यावर पेशंट वाचतो की नाही यात. आणि हे सगळ्या ऑपरेशनचं झालं म्हणाल तर खास स्वादुपिंडाचं घ्या. नेदरलँड्समध्ये ही ऑपरेशन करणाऱ्या १७ सेंटरनी मिळून एक प्रयोग केला जो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, १७४८ पेशंट. ऑपरेशनमध्ये काहीही बदललं नाही, नवी कात्री नाही, रोबोट नाही. फक्त ऑपरेशननंतर रोज ठरलेल्या गोष्टी बघायच्या, ताप, नाडी, रक्ताच्या तपासण्या, ड्रेन, आणि त्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्या की लगेच सीटी आणि पुढचा उपाय, कुणाच्या मूडवर किंवा रविवारवर काही ठेवायचं नाही. ब्लीडिंगसाठी पुन्हा काही करावं लागणं, अवयव निकामी होणं किंवा ९० दिवसांत मृत्यू, हे सगळं मिळून प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ वर आलं, नुसता मृत्यू ५ वरून ३ वर. तेच सर्जन, तेच हात. आता सांगा, हात कुणाचा घसरला या प्रश्नात कितपत अर्थ उरला?

यावर शेवटचा आक्षेप असा की अशी देखरेख फक्त मोठ्या सेंटरलाच जमते आणि सगळ्यांना तिथे जाणं जमत नाही, लहान ठिकाणच्या सर्जनचं कामही जाईल. यात तथ्य आहे, लांब जाऊन महिनाभर राहणं हे आजाराइतकंच कठीण असतं. पण अपघात किंवा फुटलेलं अपेंडिक्स आणि सिस्ट यात एक मूलभूत फरक आहे, सिस्टला वेळ असतो. बहुतेक सिस्टच्या पेशंटला विचार करायला, दुसरं मत घ्यायला, दुसरीकडे जायला आठवडे मिळतात, स्यूडोसिस्टची भिंत पक्की व्हायलाच चारेक आठवडे थांबावं लागतं. अमेरिकेत ६५ च्या वरच्या लोकांच्या २००२ मधल्या अभ्यासात स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतरचा मृत्युदर अगदी कमी ऑपरेशन करणाऱ्या ठिकाणी १६.३ टक्के होता आणि सगळ्यात जास्त करणाऱ्या ठिकाणी ३.८. एवढी दरी असताना अंतराचं कारण देऊन गप्प बसणं बरोबर नाही, निदान पेशंटला ती दरी सांगा आणि मग त्याला ठरवू दे.

पण सांगणार कशी, कारण आपले आकडे किती जणांकडे लिहिलेले असतात? वर्षाला किती केल्या, किती गळल्या, किती ब्लीड झाले, किती वाचले. झाकली मूठ सव्वा लाखाची. हा आजार जुना आहे. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन शंभर वर्षांपूर्वी म्हणत होते की प्रत्येक पेशंटचं शेवटी काय झालं ते लिहा आणि जाहीर करा. मोठ्या हॉस्पिटलला ते पचलं नाही, १९१४ मध्ये ते बाहेर पडले, स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलमध्ये ३३७ पेशंटची नोंद ठेवली आणि त्यात झालेल्या १२३ चुका स्वतः छापल्या. कोण करेल असं? न्यूयॉर्क राज्याने नव्वदच्या दशकात हृदयाच्या सर्जननिहाय आकडे जाहीर केले तेव्हा ओरड झाली की सर्जन आता अवघड पेशंट घेणार नाहीत, आणि ती भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणूनच मी सर्जनच्या नावापुढे आकडा नको म्हणतो, तो हॉस्पिटलच्या नावापुढे हवा, आणि नुसत्या मृत्यूचा नको, ब्लीड झालेल्यांपैकी किती वाचले त्याचा हवा. त्या आकड्यात सिस्टर येते, रेडिऑलॉजिस्ट येतो, रक्तपेढी येते, रात्रीचा ऑपरेटरसुद्धा येतो. अवघड पेशंट टाळून तो आकडा सुधारत नाही, उलट अवघड पेशंट वाचवूनच सुधारतो.

अजून एक बारकी गोष्ट, जिच्याबद्दल दोन्ही बाजू कधीच बोलत नाहीत. उशिराचं ब्लीडिंग कधीकधी डिस्चार्ज झाल्यावर घरी होतं. आमच्या माणसाचं डिस्चार्ज कार्ड मी जपून ठेवलंय. त्यावर टाके कधी काढायचे ते आहे, अंघोळ कधी करायची आहे, तेलकट खाऊ नका आहे, वजन उचलू नका आहे, पंधरा दिवसांनी सकाळी ओपीडीत या असंही आहे. शी काळी झाली किंवा उलटीत जरासं रक्त दिसलं आणि नंतर थांबलं तरी त्याच रात्री परत या, हे मात्र त्यावर छापलेलं नव्हतं. ते निघताना त्याच सिस्टरने पेनाने कोपऱ्यात लिहून दिलं, खाली वॉर्डचा नंबर टाकला आणि रात्रीसुद्धा करा म्हणाली.